गोड्या पाण्याचा नमुना

मनकर्णाबाईच्या विहिरीचं पाणी गोड होतं. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात एवढं एक वाक्य पुरतं. गावातल्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ तीन तास रटरटली तरी टणकच राहायची, साबण झिजून जायचा पण फेस यायचा नाही, आणि चहा असा व्हायचा की पाहुण्यापुढं ठेवायची लाज वाटावी. मनकर्णाबाईच्या विहिरीच्या पाण्यात तीच डाळ अर्ध्या तासात लोण्यासारखी व्हायची. तिच्या सासऱ्यानं ही विहीर खणायला घेतली तेव्हा सगळं गाव त्याला वेड्यात काढत होतं. चाळीस हातांवर गोडं पाणी लागलं आणि हसणारेच पाण्याचे गुंड-हंडे घेऊन काठावर आले.

मनकर्णाबाई लग्न होऊन आली त्या दिवशी सासूनं तिला आधी विहिरीवर नेलं, मग घरात घेतलं. घरात पीठ नसलं तर शेजारून आणता येतं, पण पाण्याला आलेलं माणूस रिकाम्या गुंडानं माघारी जाता कामा नये, असं सासू म्हणाली. चव्वेचाळीस वर्षं मनकर्णाबाईनं ते पाळलं. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायला लागला की ती वांग्यांचं ओलीत थांबवायची, स्वतःची वांगी वाळू द्यायची, पण रहाटाचा दोर काढायची नाही. तिचा नवरा उत्तमराव यावरून कुरकुरायचा, पण ते चार माणसांना ऐकवण्यापुरतं. गावात त्याला जो मान होता तो या पाण्याचाच होता, हे त्यालाही ठाऊक होतं.

विहिरीला आतून पायऱ्या होत्या, आणि तिसऱ्या पायरीशी एका कोनाड्यात सात आसरा होत्या. आसरा म्हणजे शेंदूर फासलेले सात दगड. पाण्याच्या या देवींमुळंच पाणी गोड आहे, याबद्दल गावात दुमत नव्हतं. कोणी पोटुशी राहिली, कोणाचं लेकरू तापातून उठलं, नवी सून घरात आली, की बाया शेंदूर आणि तेल घेऊन यायच्या. खाली उतरून फासायचा मान मात्र मनकर्णाबाईचा. गुडघे दुखायला लागल्यापासून ती त्या पायऱ्या बसत बसत उतरायची, पण दुसऱ्या कोणाला उतरू देत नसे.

आणि अशा घरात भागवतच्या किडन्या गेल्या. भागवत तिचा थोरला, वय एकोणचाळीस. दीड वर्षापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला रक्त साफ करायला खामगावला न्यावं लागे. या पट्ट्यात हे दुखणं नवं नव्हतं. समोरच्या कोकिळाचा नवरा तीन वर्षांपूर्वी त्यातच गेला होता. पाणी कुठलं पिता, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मनकर्णाबाईनं ताठ मानेनं सांगितलं की आमची विहीर गोडी आहे. मग लहानपणी शाळेत, वावरात, कुठंतरी बोअरचं पोटात गेलं असेल, असं ते म्हणाले. त्या दिवसापासून तिनं ठरवलं की लेकाच्या तोंडात घरच्याशिवाय एक थेंब पडू द्यायचा नाही. खामगावला जातानाही ती बाटली भरून सुनेच्या, छायाच्या, पिशवीत ठेवायची.

पाणी मोजूनच द्यायचं होतं, दिवसाला तीन ग्लास. छाया ते सकाळीच वेगळ्या गडव्यात काढून ठेवायची आणि त्याबाबतीत नवऱ्याचंही ऐकायची नाही. पण वैशाखाचं ऊन तापलं, भागवत बाजेवर पडून ओठांवरून कोरडी जीभ फिरवायला लागला, आणि मनकर्णाबाईचा धीर सुटला. दुपारी छाया वावरात गेली की ती पदराखाली चौथा ग्लास घेऊन यायची. जास्तीच्या पाण्यानं त्याला धाप लागते, पाय सुजतात, हे तिला समजत होतं. तरी आणायची. पोटच्या पोराला तहानेनं तडफडताना बघत बसणं तिच्यानं होत नव्हतं.

धाकटी पुष्पांजली जळगाव जामोदला खोली करून राहायची. तिथं रसायनशास्त्रात तिचं संशोधन चालू होतं. विहिरीवरच्या उंबराची पानं ती पिशवी भरून न्यायची. पानांचा काढा करायचा, त्यात चांदीच्या क्षाराचं पाणी थेंब थेंब सोडायचं, की काढ्यात चांदीचे इतके बारीक कण तयार होतात की डोळ्याला कण दिसतच नाहीत, नुसता मधासारखा रंग दिसतो. हे तपासायच्या पाण्यात टाकायचं. पाण्यात शिसं किंवा तसला धातू विरघळलेला असला की कण एकमेकांना चिकटतात आणि रंग मरतो. मोठ्या यंत्राशिवाय, गावच्या गावात पाणी ओळखता यावं, एवढीच तिची धडपड होती. मनकर्णाबाईला त्यातलं एवढंच कळत होतं की पोरगी पाल्यातून चांदी काढते. ती कोवळी, कीड नसलेली पानं स्वतः निवडून द्यायची, आणि लग्नाचं विचारणाऱ्या बायांना म्हणायची, चांदी तर पोरगी घरीच करते, तुम्ही आता सोनंवाला पाहा.

अडचण एकच होती. बोअरच्या पाण्यातला खारच तो रंग मारून टाकायचा, मग धातू आहे की नाही हे कळणार कसं? तिच्या सरांनी सांगितलं, आधी एक स्वच्छ गोडं पाणी घे, ज्यात काही नाही याची खात्री आहे, आणि बाकीची पाणी त्याच्याशी ताडून बघ. गोडं पाणी शोधायला पुष्पांजलीला लांब जायचं नव्हतं.

तो नमुना मनकर्णाबाईनंच काढून दिला. शनिवार होता. सकाळची पहिली बादली ओढली, बाटली तीनदा विसळली, काठोकाठ भरली आणि पदरानं कोरडी पुसली.

"म्हंजे साऱ्या गावचं पाणी आता आपल्या पाण्यासंग लावून पाह्यशीन तू?" तिनं विचारलं.

पुष्पांजली हो म्हणाली. त्या दिवशी रहाटावर आलेल्या प्रत्येकीला ही बातमी मिळाली, आणि कोकिळाला तर दोनदा.

पुढच्या शनिवारी पुष्पांजली आली ती गप्पच. आईनं पाण्याचा ग्लास पुढं केला तर तिनं बॅगेतली बाटली काढून तोंडाला लावली. मनकर्णाबाईला ते झोंबलं. चार दिवस शहरात राहून पोरीला घरचं पाणी चालेनासं झालं, असं ती छायाजवळ बोललीसुद्धा. पुष्पांजली विहिरीभोवती हिंडली, वांग्यांवर काय फवारता म्हणून बापाला विचारत राहिली. उत्तमराव वैतागला. फवारणीचा पंप वागवून वागवून त्याचा एक खांदा खाली आला होता आणि असल्या चौकशा त्याला आवडत नसत. मग ती बराच वेळ भागवतच्या बाजेशी बसली. बहीणभाऊ हळू आवाजात बोलत होते, आई जवळ आली तसे थांबले. जाताना पोरीनं पुन्हा दोन बाटल्या भरून नेल्या, या खेपेला स्वतःच्या हातानं.

तो आठवडा अंगावर आला. विहिरीला पाणी कमी, म्हणून मोटर अर्धा तास चालवायची आणि झरे भरेपर्यंत थांबायचं. उत्तमराव फावडं घेऊन वाफ्याची तोंडं मोडायचा, बांधायचा, मध्येच उभ्या उभ्या फावड्यावर हनुवटी टेकून दम खायचा. मनकर्णाबाई आणि छाया उजाडताच भेंडीत शिरायच्या. भेंडीच्या बारीक कुसानं बोटांना सुटलेली खाज कोपरापर्यंत चढायची, आणि हात राखेनं चोळले तरी जायची नाही. पूर्वी मालाची पोती भागवत उचलायचा, एका हिसक्यात खांद्यावर घ्यायचा. आता ती पोती दोघी सासूसुना धरून ओढत रस्त्यापर्यंत आणायच्या, आणि गाडीवाला आपण होऊन खाली उतरून हात लावायचा. त्याचं ते उतरणं मनकर्णाबाईला आवडत नसे.

भागवतचे पाय सुजून चकाकत होते. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि भरून यायला वेळ लागायचा. ती त्याला तेल लावत बसायची आणि तो पत्र्याकडं बघत पडून राहायचा. दुपारी चौथा ग्लास चुकत नव्हता.

सोमवारी ऐन उन्हाची पुष्पांजली अवचित आली. ऑटोतून पाण्याचा मोठा कॅन उतरवून घेतला, तो ओसरीवर ठेवला, आणि आईबापाला विहिरीवर उंबराच्या सावलीत घेऊन गेली. तिच्या हातात एक कागद होता. घरच्या गोड्या पाण्यात काढ्याचा रंग मेला होता, असं तिनं सांगितलं. आपलंच काही चुकलं असेल म्हणून तिनं चारदा करून पाहिलं, चारही वेळा मेला. या पाण्यात खार नाही, म्हणजे खारानं मेला असंही म्हणता येईना. मग तिनं पाणी मोठ्या यंत्रावर तपासायला पाठवलं. एका पोरीच्या बाटलीतल्या रंगावर गाव पाणी प्यायचं सोडत नाही, म्हणून ती यंत्राच्या कागदाची वाट पाहत थांबली. ते दिवस आता तिलाच खात होते.

"शिसं निघालं, आई," ती म्हणाली. "असाले पायजे त्याच्या आठपट."

उत्तमराव म्हणाला की बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. तिनं मान हलवली. शिसं आहे हे नक्की, पण इथं कारखाना नाही, खाण नाही, तर आलं कुठून हेच कळत नव्हतं. बोलता बोलता ती विहिरीच्या पायऱ्या उतरली आणि कोनाड्याशी थांबली. आसरांवर शेंदराचे थर वर्षानुवर्षं चढत जातात आणि मग एखाद्या उन्हाळ्यात ती सगळी जाड खोळ आपोआप सुटते. मागच्या दिवाळीत दगड मुठीएवढे फुगलेले होते. आता त्यांच्यावर पातळ, ताजा शेंदूर होता.

"आई, आसरायची जुनी खोळ कुठं गेली?" तिनं खालून विचारलं.

"कुठं जाईन? चैतात सुटली. त्यायचं त्यायले देल्लं, पाण्यात सोडली."

"दर खेपेले पाण्यातच सोडते?"

"तं काय उकिरड्यावर टाकू? पायाखाली येते ते. माह्या सासूनंही पाण्यातच सोडली."

पुष्पांजली तिथंच पायरीवर बसली. वरून मनकर्णाबाईला तिचा फक्त भांग दिसत होता.

"शेंदूर शिशाचाच असते, आई. शिसं भाजून करतात तो."

मनकर्णाबाईचा आधी संतापच झाला. दोन बुकं शिकली म्हणून पोरगी आता देवीच्या अंगावरच्या शेंदराला नावं ठेवायला निघाली, ज्या आसरांनी साऱ्या गावाची तहान भागवली त्यांच्यावर आळ घेते, असं बरंच काही ती बोलली. पुष्पांजली वर आली आणि आईसमोर बसली, आणि तिचा चेहरा बघूनच मनकर्णाबाईचा आवाज बसत गेला. शिशानं काय होतं, असं तिनं शेवटी विचारलं. लहान लेकरांच्या डोक्यावर जातं, पोटातल्या गर्भाला लागतं, पुष्पांजली म्हणाली, आणि बापाकडं बघत राहिली. मग म्हणाली, किडनीवर जातं.

"भागवताचं त्याच्यानंच झालं?"

"तसं म्हणता येत नाई, आई. अन् नाई झालं असंही म्हणता येत नाई."

या दोहोंतलं काहीतरी एक पोरीनं म्हणायला पाहिजे होतं. हो म्हटलं असतं तर छाती बडवून घेता आली असती. मनकर्णाबाई आपल्या तळहातांकडं बघत राहिली. अमावास्येला फासलेला शेंदूर नखांच्या कडांना अजून होता.

उत्तमराव वांग्यांकडं तोंड करून बोलला. मोटर जळाली, तिचं ऑइल पाण्यात उतरलं म्हणून सांगू, दोर काढून ठेवू, पावसाच्या आधी विहीर उपसून घेऊ, कोणाला कळायचं कारण नाही. नवसाची विहीर आहे, लोक घरावर चालून येतील. त्याचे हात तंबाखू मळत होते आणि अर्धी तंबाखू धोतरावर सांडत होती.

"इतले साल पाणी पाजलं," तो म्हणाला, "आता आपल्याच तोंडानं सांगू का, का जहर पाजलं म्हून?"

पुष्पांजलीनं छायाला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. छायानं गडव्यातलं पाणी मोरीत ओतून कॅनमधलं भरलं.

मंगळवारी पहिल्या गाडीनं छाया आणि भागवत खामगावला गेले. मनकर्णाबाई विहिरीवर आली आणि रहाटाचा दोर सोडायला बसली. गाठ वर्षाची जुनी, पाण्यानं आवळलेली. दातांनी सोडवावी लागली. उजाडताना बाया आल्या, पाच-सहा जणी, कडेवर गुंड घेऊन. मोटर जळाली हे शब्द तिच्या तोंडाशी आले होते, ही गोष्ट खरी. पण पुढंच जयमाला उभी होती, सातवा महिना लागलेली, आणि तिच्या नवसाचा शेंदूर मनकर्णाबाईनं याच अमावास्येला फासला होता.

मग तिनं सगळं सांगितलं. खोळ कोणी सोडली तेही सांगितलं. पुष्पांजली शेजारी उभी राहून रक्त तपासायचं कसं, कुठं, ते समजावत होती, पण बाया तिच्याकडं बघत नव्हत्या. एक जण हसली, तिला ही थट्टा वाटली. जयमालानं पोटावर हात ठेवला आणि मागं सरली. कोणी ओरडलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. लोक घरावर चालून येतील असं उत्तमराव म्हणाला होता. तसं झालं असतं तर मनकर्णाबाईला सोपं गेलं असतं.

कोकिळा शेवटपर्यंत थांबली. तिच्या नवऱ्याच्या दुखण्यात, त्याला बोअरचं देऊ नको म्हणून, मनकर्णाबाई तिच्या घरी रोज पाणी पाठवायची. कधी भागवत नेऊन द्यायचा, कधी ती स्वतः डोक्यावर न्यायची.

"दोन साल रोज दोन गुंड येत होते तुमच्या इथून, काकू," कोकिळा म्हणाली.

"हाव."

"म्या लोकायले सांगत होती, काकूच्या पाण्यानं हे दोन साल जास्त जगले म्हून."

मनकर्णाबाईनं हात जोडले, पण ते वर उचलले गेले नाहीत, मांडीवरच राहिले. कोकिळानं ते पाहिलं की नाही कोण जाणे. तिनं गुंड कडेवर घेतला आणि बोअरच्या वाटेला लागली. बाकीच्या आधीच गेल्या होत्या. उत्तमराव बांधावर उभा होता, तो विहिरीकडं फिरकला नाही. दिवसभर त्यानं त्याच त्या चार वाफ्यांत खुरपं चालवलं, तण नव्हतं तिथंसुद्धा.

तिसऱ्या प्रहरी भागवत परत आला. हाताला पट्टी, चेहरा पिळून काढलेला, पाय थोडे उतरलेले. छायानं त्याला बाजेवर टेकवलं, उशी नीट केली आणि भेंडीला गेली. मनकर्णाबाईनं कॅनमधून ग्लास भरला, उघडाच हातात धरून आणला आणि बाजेशी जमिनीवर बसली. त्यानं अर्धा प्याला आणि ग्लास पोटावर धरून ठेवला. लेकाला सांगायचं कसं याची जुळवाजुळव ती सकाळपासून करत होती. विहीर, शेंदूर, खोळ, असं एकेक ती बोलत गेली, मध्ये अडली, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.

"मले मालूम हाये, आई," भागवत म्हणाला. "पुष्पीनं त्या शनवारीच सांगतलं मले."

तिला आधी अर्थच लागला नाही. त्या शनिवारपासून कालच्या दुपारपर्यंत नऊ दिवस होतात. ते नऊ दिवस त्याचं पाणी त्याच विहिरीतून भरलं होतं.

"मंग तू पेत काऊन राह्यला?"

"पुष्पीले म्हटलं, कागद येऊ दे. तिचं चुकलं असतं त तुह्या जिवाले उगाच घोर लागला असता." बोलतानाही त्याला दम लागत होता. "अन् म्या पेणं सोडलं असतं त तुले तवाच समजलं असतं. माह्यं जे व्हाचं ते होऊनच गेलं होतं."

"दुपारचंही पेला?"

"दुपारचंही."

पदराखालचा ग्लास बाहेर काढला की तो कोपरावर उठून बसायचा, दाराकडं एकदा बघायचा, एका दमात ग्लास रिकामा करायचा, आणि चोरी पचल्यासारखा आईकडं बघून हसायचा. त्या नऊ दिवसांतही तो तसाच हसला होता.